मला कुणी विचारलं नाही

माझी आई शिंपीण. दुकान वगैरे नाही. घराच्या पुढच्या खोलीत एक मशीन, कापायचं टेबल आणि खिडकीपाशी बांधलेली दोरी, तिच्यावर शिवून झालेले कपडे. दर रविवारी त्या टेबलाच्या कोपऱ्यावर माझा मामा येऊन बसायचा. आईपेक्षा सहा वर्षांनी धाकटा, म्हणजे तेव्हा सत्तेचाळीसचा. जन्मापासूनच त्याची वाढ वेगळी. डॉक्टरांनी त्याला दिलेलं नाव लांबलचक होतं. घरात आम्ही एवढंच म्हणायचो की मामाला सगळं कळतं, फक्त सावकाश कळतं. त्याचे शब्दही मोजके. ताई, भूक, नको, छान. आणि कुणाचा आवाज चढला की "सॉरी सॉरी सॉरी", मग चूक कुणाचीही असो.

आजी गेल्यावर त्याला निवासात ठेवलं. माझे वडील मी लहान असतानाच गेलेले, आई दिवसभर मशीनवर, मी औषधाच्या दुकानात कामाला. मामाला एकटं सोडता येत नव्हतं. एकदा त्याने शेगडी पेटवली होती आणि मग शांतपणे दुसऱ्या खोलीत जाऊन झोपला होता. निवास शहराच्या टोकाला होता. दोन मजली पिवळी इमारत, एकेचाळीस माणसं, सगळी मोठी, सगळी कुठल्या ना कुठल्या कारणाने स्वतःचं स्वतः करू न शकणारी. शनिवारी संध्याकाळी आई त्याला आणायची, सोमवारी सकाळी पोहोचवायची. आठ वर्षं यात खंड नव्हता.

मग साथ आली आणि निवासाचं फाटक बंद झालं. पंधरा दिवसांसाठी, असं सांगितलं होतं. पंधराचे तीस झाले, तिसाचे साठ.

फोनचा उपाय फसला. निवासाच्या मेट्रनबाईंनी पहिल्यांदा त्याच्या कानाला फोन लावला तेव्हा त्याने आईचा आवाज ऐकला, फोन उलटा करून मागे पाहिलं, मग पलंगाखाली पाहिलं. ताई कुठेच नव्हती. त्यानंतर फोन दिसला की तो तोंड भिंतीकडे करायचा. वार त्याला कसे कळत होते देव जाणे, पण दर शनिवारी संध्याकाळी तो आपली निळी पिशवी घेऊन फाटकापाशी जाऊन बसायचा आणि अंधार पडला की त्याला उचलून आत न्यावं लागायचं. सातव्या आठवड्यात तो बसायला गेला नाही. नवव्या आठवड्यात त्याने खाणं सोडलं.

"दिवसाला एखादा कप दूध घेतो," मेट्रनबाई फोनवर म्हणाल्या. "नऊ किलो उतरलाय. मी तुम्हाला सांगायला नको, पण सांगते."

आईने व्यवस्थापकांना फोन केला. ती म्हणाली, मला आत नका घेऊ, फाटकाच्या बाहेर उभी राहते, वीस पावलांवर, तो मला नुसता बघू दे.

"एकाला परवानगी दिली तर एकेचाळीस जणांना द्यावी लागेल," व्यवस्थापक म्हणाले.

"मग द्या ना."

त्यावर त्यांनी फोन ठेवला.

त्याच आठवड्यात आमच्या दुकानाच्या काचेवर एक कागद लागला. निवासात धुलाईकामासाठी बाई पाहिजे. महिनाभर आत राहण्याची तयारी हवी. आधीची बाई आत कोंडून राहायला तयार नव्हती म्हणून सोडून गेली होती. मी घरी येऊन सहज सांगितलं. आईने हातातली शिलाई संपवली, दोरा दाताने तोडला आणि विचारलं, "नातेवाइकांना घेतात का?"

"नाही घेत."

"मग नातेवाईक नाही," ती म्हणाली.

माहेरचं नाव लपवणं अवघड नव्हतं. तिने माझ्या वडिलांचं आडनाव लावलं. चेहरा लपवायची जबाबदारी साथीनेच घेतली होती. नाकापर्यंत मास्क आणि डोक्याला फडकं बांधलेली एक पन्नाशीची बाई, अशा बाया त्या वर्षी रस्त्यारस्त्यावर होत्या. आत गेल्यावर मेट्रनबाईंनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमचा शिवणकामाचा हात चांगला असेलसं वाटतं. धुण्याबरोबर मास्कही शिवाल का?" यापुढे त्या विषयावर दोघीही एक अक्षर बोलल्या नाहीत.

मामा वरच्या मजल्यावर, आठ खाटांच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून पडला होता. आई चादरींचा गठ्ठा घेऊन गेली. बरोबर साथीतच कामाला लागलेली एक आया होती, म्हणून आईने आवाज अगदी कोरडा ठेवला. "जरा उठा, चादर बदलायचीय."

मामा वळला. त्याने हात लांब करून तिचा मास्क खाली ओढला, तिची हनुवटी चाचपली, आणि म्हणाला, "ताई."

आता सगळं संपलं, असं आईला वाटलं. पण आया हसली. "घाबरू नका हो. तो आम्हा सगळ्यांनाच ताई म्हणतो."

त्या दुपारी मामाने दोन उकडलेली अंडी आणि दुधात बुडवून अर्धा पाव खाल्ला. दुसऱ्या दिवशीपासून तो धुलाईघरात येऊन बसू लागला. मशीन फिरताना त्याला आवडायचं. उशांचे अभ्रे तो एकावर एक असे रचायचा की कडा सुरीने कापल्यासारख्या. आई संध्याकाळी मला फोन करायची. "आज भात खाल्ला," एवढंच सांगायची, पण आवाजातून तिच्या जिवात जीव आलेला कळायचा.

धुलाईघराच्या मागे एक अंगण होतं, तिथे चादरी वाळत घालायच्या. दुपारी ऊन खायला म्हणून एका माणसाची चाकाची खुर्ची तिथे आणून ठेवत. सगळे त्याला वकीलसाहेब म्हणत. तो वकील नव्हता. जन्मापासून त्याचं अंग ताठ, हात आपल्या मनाने उडायचे, मान एका बाजूला. बोलताना शब्द घशात अडकत, चुरगळून बाहेर पडत. डोकं मात्र तिथल्या सगळ्यांपेक्षा लख्ख. टेबलावर पसरलेलं वर्तमानपत्र तो हनुवटीने पान उलटत पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचा. आईवडील गेल्यावर जायला दुसरी जागा नव्हती म्हणून तो निवासात होता. जेवणाच्या वेळेपासून आंघोळीच्या पाण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीवर त्याची हरकत असायची, म्हणून हे नाव पडलं. त्याचं बोलणं कुणाला कळायचं नाही. म्हणून तो काहीही म्हणाला तरी सगळे "हो हो, वकीलसाहेब" म्हणून मान डोलावत. याचा त्याला भयंकर राग यायचा.

आईला त्याचं बोलणं दोन दिवसांत कळायला लागलं. सत्तेचाळीस वर्षं मामाचं ऐकून तिच्या कानाला सवय होती. एक दिवस ती चादरी झटकत असताना तो म्हणाला, "तुम्ही त्याची ताई आहात. खरी."

आई थबकली. "कशावरून?"

"बाकीच्या तायांना तो सॉरी म्हणतो. तुम्हाला नाही म्हणत."

आईने हातातली चादर दोरीवर टाकली. तो म्हणाला, "घाबरू नका. मी सांगितलं तरी कुणाला कळणार आहे?" आणि तो हसला. त्याचं हसणं बोलण्याहून मोठं होतं, खुर्ची हलायची.

तिसऱ्या आठवड्यात त्याने तिला एक काम सांगितलं. प्रत्येक खाटेच्या पायथ्याला एक फाइल लटकवलेली असायची. "माझ्या फाइलमध्ये एक गुलाबी कागद आहे. आया बोलत होत्या. काय लिहिलंय ते बघून सांगा."

आईला बघावं लागलं नाही. तो कागद तिने पहिल्याच आठवड्यात मामाच्या फाइलमध्ये पाहिला होता, नंतर चादरी बदलताना प्रत्येक फाइलमध्ये पाहिला होता. तो तिला पाठ होता. तरी ती वर जाऊन वकीलसाहेबांचा कागद काढून घेऊन आली आणि वाचून दाखवला. संसर्ग झाल्यास रहिवाशाला रुग्णालयात हलवू नये. निवासातच उपचार करावेत. खाली दोन ओळी होत्या. रहिवाशाच्या वतीने: व्यवस्थापकांची सही. रहिवाशाची संमती: लागू नाही.

त्याने तिला ते तीनदा वाचायला लावलं.

"लागू नाही," तो म्हणाला. "मी लागू नाही."

वाऱ्याने चादर त्याच्या तोंडावर आली. आईने ती बाजूला केली.

"पत्र लिहायचंय," तो म्हणाला. "मी सांगतो, तुम्ही लिहा. बाहेर तुमची मुलगी आहे ना? ती पाठवेल."

आईने मान खाली घातली. पत्र गेलं की चौकशी येणार, चौकशी आली की पहिला प्रश्न हाच, कागद बाहेर कुणी नेले. आणि मग तिला बाहेर काढणार. मामाचं वजन आत्ता कुठे चार किलो भरून आलं होतं.

"थोडे दिवस जाऊ देत," ती म्हणाली. "त्याला जरा अंगात ताकद येऊ दे."

"किती दिवस?"

ती चादरींना चिमटे लावत राहिली.

"मी धमकी देत नाहीये," तो म्हणाला. "तुमचं नाव मी कुणाला सांगणार नाही. मी विचारतोय. मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी तुम्हाला विचारतोय."

हे सोमवारी झालं.

मंगळवारी खालच्या खोलीतली गाणारी तापली. साठीची बाई, दोन्ही डोळ्यांनी आंधळी, मनाने पाच वर्षांची. तिला एकाच गाण्याची पहिली ओळ यायची आणि ती दिवसभर तीच म्हणायची. आया वैतागायच्या, पण ती गप्प झाली की त्याच आधी धावायच्या. मंगळवारी ओळ अर्धीच यायला लागली. बुधवारी नुसता सूर. गुरुवारी सकाळी तिच्या बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा बघून मेट्रनबाईंनी कुणालाही न विचारता रुग्णवाहिका बोलावली.

पांढऱ्या प्लास्टिकच्या झग्यातले दोघे आले. एकाने स्ट्रेचर उघडलं, दुसऱ्याने फाइल मागितली. गुलाबी कागद पाहून त्याने फाइल मिटली.

"हिला नाही नेता येणार. कागद आहे."

"श्वास बघा तिचा," मेट्रनबाई म्हणाल्या.

"मला दिसतोय बाई. पण तिथे दारातच फाइल बघतात. दारातून परत पाठवतील, आणि तेवढ्या वेळात दुसरीकडचा कुणी जाईल." त्याचा आवाज उर्मट नव्हता. दमलेला होता. त्याने स्ट्रेचर मिटलं.

आई जिन्याच्या तळाशी मळक्या कपड्यांची टोपली कमरेवर घेऊन उभी होती. वकीलसाहेबांची खुर्ची जेवणघराच्या दारात होती. तो रुग्णवाहिकेकडे बघत नव्हता, आईकडे बघत होता. आईला तेव्हा काय बोलता आलं असतं? बरंच काही. ती दारात आडवी उभी राहू शकली असती, तो कागद फाडू शकली असती, आरडाओरडा करू शकली असती. ती टोपली घेऊन धुलाईघरात गेली.

शुक्रवारी दुपारी गाणारी गेली. तिच्या खाटेवरची चादर आईनेच काढली आणि आईनेच धुतली. मग ओल्या हातांनीच अंगणात जाऊन ती वकीलसाहेबांसमोर बसली. मास्कच्या कापडाचं मोजमाप लिहायची वही तिच्याकडे होती.

"सांगा," ती म्हणाली.

त्याने आधी तिच्या ओल्या हातांकडे पाहिलं. तिला वाटलं, आता सांगणारच नाही. मग त्याने सुरुवात केली.

एक पान लिहायला अडीच तास लागले. काही शब्द तिला चारचारदा विचारावे लागले. एकदा ती म्हणाली, हा शब्द फार अवघड आहे, सोपा टाकू का? तो म्हणाला, नाही, मला हाच हवा. ते पत्र माझ्याकडे अजून आहे. त्यात असं आहे:

"मी अडतीस वर्षांचा आहे. मला वाचता येतं, हिशेब करता येतो, आणि माझं मत असतं. मी आजारी पडलो तर मला रुग्णालयात न्यावं की नाही, हे ठरवताना मला कुणी विचारलं नाही. खाटा कमी आहेत हे मला माहीत आहे. मी वर्तमानपत्र वाचतो. पण खाटा कमी आहेत म्हणून रांग लावायची असेल, तर आम्हाला रांगेत तरी उभं करा. तुम्ही आम्हाला रांगेतूनच काढलंत. आज इथे एक बाई रांगेबाहेर मेली. तिला एक ओळ गाता यायची. तिच्याही कागदावर 'लागू नाही' असंच लिहिलेलं होतं."

शेवटी दोन मागण्या होत्या. गुलाबी कागद रद्द करा आणि प्रत्येकाला त्याच्या भाषेत विचारा. आणि ज्याला एकट्याने राहता येत नाही, त्याच्याबरोबर रुग्णालयात एक ओळखीचं माणूस राहू द्या. सही त्याने स्वतः केली. आईने मुठीत पेन बसवून दिलं. हात उडाला आणि पानभर एक तिरकी रेघ उमटली. "हीच," तो म्हणाला.

आईने पत्राचे आणि कागदांचे फोटो मला पाठवले. मी दुकानातल्या संगणकावर पत्र टाइप केलं, मूळ पानाचे फोटो जोडले आणि अकरा ठिकाणी पाठवलं. आरोग्य कार्यालय, दोन वर्तमानपत्रं, हक्क आयोग, ज्याचा म्हणून पत्ता मिळाला त्याला. नऊ ठिकाणांहून काहीच आलं नाही. आरोग्य कार्यालयाने पत्र मिळाल्याची पोच दिली, तीही दोनदा. चौथ्या दिवशी हक्क आयोगातून एका बाईंचा फोन आला.

"अर्जदार स्वतः बोलू शकतात का?" त्यांनी विचारलं.

"बोलतात," मी म्हटलं. "ऐकणाऱ्याला वेळ काढावा लागतो."

"मी काढते," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी खरंच काढला. त्या दुपारी आईने अंगणात फोन धरला, वकीलसाहेब बोलले, आई वाक्य वाक्य करून त्या बाईंना सांगत गेली. पाऊण तास. ते बोलणं मागच्या खिडकीतून सगळ्या आयांनी ऐकलं, आणि संध्याकाळच्या आत व्यवस्थापकांपर्यंत पोहोचलं.

त्यांनी आईला कचेरीत बोलावलं. आई सांगते, त्यांच्या टेबलावर औषधांच्या रिकाम्या पट्ट्या होत्या आणि खुर्चीवर घडी न केलेलं पांघरूण; तेही दोन महिने घरी गेले नव्हते.

"तुम्ही नाव लपवून आत आलात."

"हो."

"माझी सोय बघायची म्हणून मी त्या सह्या केल्या असं वाटतं तुम्हाला? वरून फोन आला. शहरात खाट नाही, तुमच्या लोकांचा तिथे निभाव लागणार नाही, कागद करून टाका. एका दुपारी एकेचाळीस सह्या केल्या मी. काय करायला हवं होतं?"

"विचारायला हवं होतं."

"कुणाला?" ते म्हणाले. "यांना?" आणि बोलून झाल्यावर ते आपल्याच शब्दाकडे बघत असल्यासारखे गप्प बसले. मग खाली बघत म्हणाले, "उद्या सकाळी तुम्ही जा. मला दुसरा इलाज नाही."

सकाळी मामा तिच्या मागोमाग फाटकापर्यंत आला. तिने बॅग उचललेली त्याला दिसत होती. तो धावत जाऊन आपली निळी पिशवी घेऊन आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. आईने त्याला सांगितलं की ती येते, लवकर येते. मग मेट्रनबाईंनी त्याला धरलं आणि फाटक लागलं. आई बसथांब्यापर्यंत चालत आली. तिथे कुठलीच बस येत नव्हती, हे तिला अर्ध्या तासाने आठवलं.

आयोगाचा आदेश यायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत निवासातली सहा माणसं गेली. आठव्या दिवशी वकीलसाहेबांना धाप लागली. रुग्णवाहिका फाटकाशी यायच्या आत मेट्रनबाईंनी त्यांच्या फाइलमधला गुलाबी कागद काढून कोटाच्या खिशात घातला, आणि झगेवाल्याने विचारलं तेव्हा "कागद वगैरे काही नाही" असं सांगितलं. तीस वर्षांच्या नोकरीत आपण पहिल्यांदाच खोटं बोललो, असं त्यांनी नंतर आईला सांगितलं, आणि गाणारीच्या वेळीच बोलायला हवं होतं, असंही.

दहाव्या दिवशी मामा तापला. अकराव्या दिवशी आदेश आला आणि त्याच दिवशी त्याला नेलं. आदेशात दुसरी मागणीही मान्य झाली होती, म्हणून आई त्याच्याबरोबर आत जाऊ शकली. रुग्णालयातली ती पहिली नातेवाईक. वॉर्डातल्या नर्सला काही ठाऊक नव्हतं. आदेशाचा कागद दाखवेपर्यंत मामाचे दोन्ही हात पट्टीने खाटेला बांधून झाले होते, कारण तो प्राणवायूचा मास्क ओढून काढत होता.

"सोडा त्याला," आई म्हणाली. "मास्क मी धरते."

"किती वेळ धराल?" नर्सने विचारलं. टोमणा नव्हता, तिच्या वाट्याला बावीस रोगी होते.

आईने तो एकोणीस दिवस धरला. झोप लागू नये म्हणून उभी राहायची, मग पाय सुजले तेव्हा स्टुलावर. सुरुवातीला तिला वाटलं, तो ओळखत नाही, तापामुळे असेल. चौथ्या दिवशी ताप उतरला. त्याने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं, मास्कच्या आतून ओठ हलले. ती वाकली. तो म्हणत होता, "सॉरी सॉरी सॉरी."

हे तिने मला फोनवर सांगितलं नाही. घरी आल्यावरही नाही. पुष्कळ दिवसांनी, मशीनमध्ये दोरा ओवताना, माझ्याकडे न बघता सांगितलं.

मामा वाचला. तो आता आमच्याकडेच असतो. मी अर्धा दिवस काम करते, आई अर्धा दिवस मशीन चालवते, शेगडीला कुलपाचं झाकण केलंय. तो खातो, झोपतो, जिना चढताना दोनदा थांबतो. बोलायचं त्याने जवळजवळ सोडलंय. आई उठून दुसऱ्या खोलीत गेली की तो तिच्या मागे जातो, अगदी संडासाच्या दारापर्यंत, आणि तिथे उभा राहतो. पण ती जवळ येऊन केसावरून हात फिरवायला गेली की अंग चोरतो. कधी कधी मला वाटतं, त्याला सगळं कळलंय, सावकाश का होईना: कुणी कुणासाठी थांबलं आणि कुणासाठी थांबलं नाही. आई म्हणते, तुझ्या डोक्यातलं त्याच्या डोक्यात घालू नकोस.

वर्षभराने चौकशी बसली. एका सरकारी इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, लिफ्ट बंद. वकीलसाहेबांना चौघांनी खुर्चीसकट उचलून वर नेलं. दिव्यांगांच्या हक्कांची चौकशी आणि लिफ्ट बंद, या गोष्टीवर तो जिना संपेपर्यंत बोलत होता आणि उचलणारे "हो हो" म्हणत होते. व्यवस्थापक आले नव्हते. त्यांची बदली झाली होती आणि तब्येतही बरी नव्हती, असं कळलं. त्यांचं लेखी म्हणणं वाचून दाखवलं. वरून आलेल्या फोनची नोंद कुठेच सापडली नव्हती.

आईची पाळी आली. अधिकारी तरुण होते, सौम्य होते. त्यांनी कागद कधी पाहिले, पत्र कसं लिहिलं, एवढंच विचारलं. तिने उत्तरं दिली. मग ते म्हणाले, ठीक आहे, बसा. ती बसली नाही.

"अजून एक आहे," ती म्हणाली. "कागद मी पहिल्या आठवड्यातच पाहिला होता. यांनी मला सोमवारी पत्र लिहायला सांगितलं. मी शुक्रवारी लिहिलं. मधे गुरुवारी ती बाई, जी गायची, तिला न्यायला गाडी आली आणि परत गेली. मी तिथे उभी होते. माझा भाऊ आत होता म्हणून मी गप्प बसले."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही धुलाईच्या कामावर होता. ही जबाबदारी तुमच्यावर येत नाही. हे नोंदीत घ्यायची गरज नाही."

"माझ्यावर येते की नाही ते राहू द्या," आई म्हणाली. "पण घ्या नोंदीत. नाहीतर त्या गुरुवारी तिथे कुणीच नव्हतं असं होईल."

त्यांनी लिहून घेतलं. लिहिलेलं वाचूनही दाखवलं. त्यात "गायची" हा शब्द राहिला होता. आईने तो घालायला लावला.

संपल्यावर आम्ही खाली आलो. वकीलसाहेब आता निवासात राहत नाही. तळमजल्यावर दोन खोल्यांत तो आणि अजून दोघे राहतात, आळीपाळीने मदतनीस येतात. त्याची खुर्ची चढवता येईल अशी गाडी यायची होती. आम्ही इमारतीच्या दारात उभे राहिलो. रस्त्यावर माणसं नेहमीसारखी चालली होती, कुणाच्या तोंडावर मास्क नव्हता.

"त्या चार दिवसांत मी तुमच्यावर फार रागावलो होतो," तो म्हणाला.

"अजून आहे राग?"

त्याने विचार केला. खोटं बोलणं त्याला जमत नसे, आणि आईने ते मागितलंही नव्हतं.

"थोडा," तो म्हणाला.

आईने मान हलवली. गाडी यायला दीड तास लागला. पायरीवर बसायला जागा होती. मी बसले. आई मात्र त्याच्या खुर्चीच्या बाजूला उभी राहिली, त्याच्या तोंडावर ऊन येत होतं त्या बाजूला.